ओव्हरड्राइव्हची तार: मराठवाड्याच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

१/
मराठवाड्याच्या इतिहासाची साधने कोठे शोधावीत, या प्रश्नाची उत्तरे ठरलेली आहेत: ताम्रपट, शिलालेख, मोडी दफ्तरे, निजामी राजवटीतील फारसी-उर्दू कागद, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांच्या आठवणी. जुन्या मोटारीच्या पोटाखालून जाणारी, तेलाने काळवंडलेली, कापडी वेष्टनाची तार या यादीत कधीच येत नाही. या धाग्याचा दावा असा की ती यायला हवी. आणि ती उपटून फेकण्यापूर्वी वाचता आली पाहिजे.

२/
दावा समजण्यासाठी एक कल्पित पण नेमके उदाहरण घेऊ. परभणी शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये १९५० च्या दशकातील एक स्टँडर्ड व्हॅनगार्ड उभी आहे. इंजिन चालू होते, दिवे लागतात, रंग नवा आहे. फक्त सुकाणूजवळचा ओव्हरड्राइव्हचा खटका दाबला की काहीच घडत नाही. घरातील कोणालाही ते कधी चालताना पाहिल्याचे आठवत नाही. 'ते पहिल्यापासून बंदच आहे' असे सांगण्यात येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने 'पहिल्यापासून' या शब्दापाशी नेहमीच थांबावे.

३/
ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीमागे बसवलेली दातेरी चक्रांची आणखी एक जुळणी. गाडी वरच्या गिअरमध्ये वेगाने धावू लागली की ती कामाला लावायची. मग चाकांचा वेग तोच राहून इंजिनाचे फेरे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. इंजिनाची धडधड शांत होते, पेट्रोल वाचते, झीज कमी होते. आज पाचवा किंवा सहावा गिअर जे काम करतो, ते काम तीन-चार गिअरांच्या काळात ही जुळणी करीत असे.

४/
या रचनेचा जनक एडगर द नॉर्मनव्हिल हा इंग्रज अभियंता. शेफील्डच्या लेकॉक कंपनीने ती बनवली, म्हणून तिचे नाव लेकॉक-द नॉर्मनव्हिल. १९५० च्या सुमारास ती इंग्लंडमध्ये स्टँडर्ड व्हॅनगार्डवर जादा पैसे मोजून मिळू लागली. पुढे ट्रायम्फ, जॅग्वार, व्होल्वो अशा अनेक गाड्यांवर ती पोहोचली. चाकांच्या आतील काम तेलाच्या दाबावर चालते, पण तेलाला वाट मोकळी करून देण्याचा हुकूम विजेच्या तारेतून जातो. म्हणजे पाऊण यंत्र लोखंडाचे, पण त्याची जीभ तांब्याची.

५/
व्हॅनगार्डच का? कारण ही गाडी भारताला अनोळखी नव्हती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने तिची जुळणी येथे केली. दुसरे कारण शेतीच्या जिल्ह्याला अधिक जवळचे आहे. व्हॅनगार्डचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्या काळच्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरचे इंजिन एकाच घराण्यातले; दोन्ही कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड कंपनीचे. वाड्यातील मोटार आणि शिवारातील ट्रॅक्टर यांचे हे नाते बारशाच्या यादीत नसले तरी पिस्टनच्या मापात दिसते.

६/
परभणीकडे यंत्र आले ते निजामाच्या राज्यातून. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून हैदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे धावू लागली. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेचा रस्ते वाहतूक विभाग २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी सुरू झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान संपले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. बारा वर्षांत तीन राज्ये बदलली. गाड्या मात्र त्याच राहिल्या आणि त्या दुरुस्त करणारे हातही बहुतांशी तेच.

७/
त्या हातांनी काय केले, हे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. रेल्वेचा अहवाल निघाला, बसची आकडेवारी छापली गेली. पण दुरुस्तीची नोंद कोठे असते? ती त्या गाडीतच असते. कोणती तार मूळची, कोणती नंतर जोडलेली, कोठे डाग दिला, कोठे पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळली, यातून एका माणसाची समज, त्याच्याकडची सामग्री आणि त्या वर्षातील टंचाई वाचता येते. वायरिंग हे गाडीचे दफ्तर आहे. बंद पडलेले ओव्हरड्राइव्ह हे त्या दफ्तरातील न लागलेले पान.

८/
आता त्या व्हॅनगार्डकडे परत येऊ. आजचा सोपा उपाय ठरलेला असतो: जुनी तार कापायची, बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत नवी तार थेट ओढायची, मध्ये आजच्या गाडीचा एक खटका. कधी कधी याने ओव्हरड्राइव्ह चालूही होते. पण मधले रक्षक निघून गेलेले असतात. कोणत्याही गिअरमध्ये, अगदी मागे जाण्याच्या गिअरमध्येही, आता ते लागू शकते. बिघाड काय होता हे कळले नाही ते नाहीच. वर नव्या बिघाडाला दार उघडले गेले.

९/
विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या कामाने मराठी वाचकाला एक शिस्त लावली: बखर काय म्हणते ते ऐकावे, पण निर्णय अस्सल कागदावर करावा. मोटारीच्या बाबतीत मालकाची हकीकत ही बखर. 'मागच्या मिस्त्रीने सोलेनॉइड जळाल्याचे सांगितले होते' हीही बखर. अस्सल कागद म्हणजे तारेच्या दोन टोकांमध्ये मोजलेला व्हॉल्ट. तो कोणाच्याही बाजूने बोलत नाही.

१०/
पुराव्याची साखळी अशी असते. बॅटरी, तेथून इग्निशनची किल्ली, तेथून रिले. चालकाचा खटका आणि गिअरबॉक्सवर बसवलेला प्रतिबंधक स्विच या दोघांनी संमती दिली तरच रिले ओढला जातो. रिलेच्या जाड टोकांतून मोठा प्रवाह सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड एक तरफ उचलतो, झडप उघडते आणि तेलाचा दाब पुढचे काम करतो. गाडीच्या वर्षाप्रमाणे या मांडणीत फरक पडतो. म्हणून नकाशा त्याच वर्षाचा आणि त्याच नमुन्याचा हवा. भावाच्या गाडीचा नकाशा चालत नाही.

११/
पहिला प्रश्न: दोष विजेचा की तेलाचा? त्यासाठी गाडी हलवावी लागत नाही. इंजिन बंद, किल्ली चालू, गिअर वरचा, आणि खटका दाबून कान द्यायचा. रिलेची बारीक टिचकी आणि गाडीच्या पोटाखालून सोलेनॉइडचा जड 'खट्ट' असे दोन आवाज यायला हवेत. दोन्ही आले आणि तरीही ओव्हरड्राइव्ह लागत नसेल तर तारांना दोष देणे अन्याय आहे. मग गिअरबॉक्समधील तेलाची पातळी, तेलाचा दाब आणि तरफेची जुळणी पाहायची. पहिलीच टिचकी आली नाही, तर चौकशी तारांची.

१२/
येथे एक इशारा आवश्यक आहे. ओव्हरड्राइव्ह लागून अडकले आणि सुटत नसेल, तर गाडी मागे घेऊ नये. आतील एकदिशा क्लच उलट फिरण्यासाठी बनवलेला नाही. मागे घेताच तो आणि त्याचे सोबती तुटतात. शेडमधून गाडी बाहेर काढण्याच्या घाईत होणारे हे नुकसान शेकडो मैलांच्या प्रवासाने होत नाही. आणि तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरीची एक केबल काढावी. जुन्या इंग्रजी गाड्यांत फ्यूज दोनच असत, आणि अनेक तारा फ्यूजशिवायच फिरत.

१३/
दुसरी पायरी साक्षीदारांची. गॅरेजमधील सर्वांत लाडका साक्षीदार म्हणजे टेस्ट लॅम्प. सोलेनॉइडची तार सोडवली, तिला दिवा लावला, तो लख्ख पेटला. 'करंट येतोय, सोलेनॉइड गेलाय' असा निकाल लागला. जुन्या गाड्यांच्या असंख्य निर्दोष सोलेनॉइडांना या साक्षीवर शिक्षा होते. दिवा खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच फार हलका असतो.

१४/
हिशेब करून पाहू. सोलेनॉइडच्या ओढणाऱ्या वेटोळ्याचा रोध ०.६५ ओहम धरला तर १२ व्होल्टवर साधारण १८.५ अँपिअर प्रवाह वाहतो. आता वाटेत एका गंजलेल्या जोडाचा फक्त ०.२५ ओहम रोध वाढवा. प्रवाह १३.३ अँपिअरवर येतो आणि वेटोळ्याला मिळतात जेमतेम ८.७ व्होल्ट. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे ढोबळपणे धरले, तर ती जवळजवळ निम्मी झाली. तरफ जागची हलत नाही.

१५/
त्याच गंजलेल्या जोडातून ५ वॅटचा दिवा लावला तर? त्याला हवे असतात अर्ध्याहून कमी अँपिअर. ०.२५ ओहमवर तो गमावतो फक्त ०.१ व्होल्ट, आणि डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. म्हणून मोजणी भार असताना करायची: तार जोडलेली, खटका दाबलेला, मीटरचे एक टोक बॅटरीच्या खांबावर आणि दुसरे सोलेनॉइडच्या टोकावर. मधल्या वाटेवर अर्ध्या व्होल्टहून अधिक हरवत असेल, तर चोर वाटेतच आहे. जोडामागून जोड तपासत गेले की तो सापडतो.

१६/
सर्वाधिक वेळा चोर सापडतो तो परतीच्या वाटेवर. विजेला जाण्याइतकीच परत येण्याची वाट लागते, आणि मोटारीत ती गाडीच्या लोखंडातून असते. गॅरेजच्या भाषेत त्याला 'अर्थ' म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी बैठकांवर बसलेले असतात, त्यामुळे त्यांना सांगाड्याशी जोडणारी विणलेली पट्टी लागते. रंगकाम करताना ती काढली जाते, नंतर बसवायची राहते, किंवा ताज्या रंगावर बसवली जाते. पत्रा चकाकतो, आणि अर्थ मात्र लागत नाही.

१७/
त्याच अर्थाची आणखी एक गंमत. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे तीस वर्षे बहुतेक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आज ऋण टोक जोडतात. आजच्या सवयीने उलटी बॅटरी जोडली तरी सोलेनॉइड आणि रिले तक्रार करीत नाहीत, कारण त्यांच्या वेटोळ्यांना दिशा नसते. पण डायनॅमोची ध्रुवता बदलून घ्यावी लागते आणि जुना रेडिओ कायमचा जातो. वर्तमानाची सवय भूतकाळावर लादली की काय होते, याचा इतका रोकडा धडा पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

१८/
रंगांचेही तसेच. लुकासच्या वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे बॅटरीपासूनची थेट तार, पांढरी म्हणजे किल्लीनंतरची, हिरवी म्हणजे किल्ली आणि फ्यूज या दोहोंनंतरची, काळी म्हणजे अर्थ. पिवळी मात्र कालानुसार अर्थ बदलते: जुन्या गाड्यांत ती डायनॅमोची, नंतरच्या ब्रिटिश मानकात ओव्हरड्राइव्हची. नंतरचा तक्ता हातात घेऊन जुनी गाडी उघडणारा माणूस पेशवाईतील शब्दाला आजचा अर्थ लावणाऱ्या वाचकासारखाच फसतो. शिवाय कापडी वेष्टनावर तेल आणि धूळ बसली की तपकिरी, जांभळी, लाल सगळ्याच एका जातीच्या होतात.

१९/
ही धूळ आणि ऊन परभणीचे खास. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही अधिक तापते. जुने रबर कडक होऊन तडकते, कापडी वेष्टन विरते आणि आतील तांबे उघडे पडते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो आणि नेमका गिअरबॉक्सवरच्या प्रतिबंधक स्विचपाशी ओल धरून ठेवतो. ओव्हरड्राइव्ह फक्त वरच्या गिअरमध्ये लागावे, ही खबरदारी हाच स्विच घेतो. तो ढिला झाला किंवा गंजला की उरलेली सारी साखळी निर्दोष असूनही गप्प बसते.

२०/
आणि सोलेनॉइड खरोखरच जळालेला असेल तर? तर तो का जळाला हे विचारायला हवे. त्यात दोन वेटोळी असतात: एक जोराने ओढणारे, सुमारे १५ ते २० अँपिअरचे, आणि एक नुसते धरून ठेवणारे, साधारण १ अँपिअरचे. ओढ पूर्ण होताच आतला संपर्क पहिल्याला बाजूला करतो. तरफेची जुळणी चुकलेली असेल तर ओढ पूर्णच होत नाही, पहिले वेटोळे चालूच राहते आणि तापून जळते. लेकॉकने यासाठी तरफेत आणि कवचात एक भोक ठेवले आहे. सोलेनॉइड ओढलेला असताना त्यातून ३/१६ इंचाची सळई आरपार गेली पाहिजे. ही जुळणी न करता नवा सोलेनॉइड बसवणे म्हणजे दुसऱ्यालाही त्याच चितेवर चढवणे.

२१/
इतके सगळे कशासाठी? आता मुद्द्याची गोष्ट. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची स्वतंत्र व्याख्या केली: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. मुदत १० वर्षे. आधी नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो. अशा वाहनाचा रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी उपयोग करता येत नाही. हा नियम स्वागतार्हच आहे.

२२/
पण 'मूळ स्वरूप' मोडले असे केव्हा धरायचे? सांगाडा, बाहेरचे कवच किंवा इंजिन यांत मोठा बदल केला तर. वायरिंगचा तेथे विचारच नाही. म्हणजे मूळच्या साऱ्या तारा उपटून, ओव्हरड्राइव्हचा खटका शोभेपुरता ठेवून, आजच्या प्लास्टिकच्या तारांवर चालणारी गाडी कायद्याने पूर्ण अस्सल ठरते. ताम्रपटाचे तांबे जपले आणि अक्षरे घासून काढली, तरी तो ताम्रपटच, असे म्हणण्यासारखे हे आहे.

२३/
यावर पहिला आक्षेप गंभीर आहे: सत्तर वर्षांची कापडी तार आग लावू शकते, माणसाच्या जिवापुढे इतिहास कसला? आक्षेप मान्यच करायला हवा. विरलेली तार बदललीच पाहिजे आणि जेथे फ्यूज नव्हता तेथे तो घातलाच पाहिजे. मागणी तार न बदलण्याची नाही. बदलण्यापूर्वी नोंद करण्याची आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी हेच सांगितले: नवे काम जुन्यात मिसळावे, पण जुन्याचे सोंग घेऊ नये, आणि काय केले याची नोंद राहावी. मोटारीला हा नियम लावण्यात अवघड काही नाही.

२४/
दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दुष्काळ, कर्ज आणि कापसाचे भाव यांनी गांजलेल्या जिल्ह्यात विंटेज मोटारीची तार हा श्रीमंतांचा चोचला नव्हे काय? मोटारीचा मालक श्रीमंत असेल. तिची तार जोडणारा नव्हता. डायनॅमो, कटआउट, रिले आणि अर्थ यांची जी समज त्या गाडीला लागली, तीच समज ट्रॅक्टरला, जीपला, एसटीच्या बसला आणि विहिरीवरील इंजिनाला लागली. १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ आले आणि शेतीच्या ज्ञानाला इमारत, ग्रंथालय, पदव्या मिळाल्या. ती शेती चालवणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचे ज्ञान मात्र पाराखाली आणि टपरीत राहिले.

२५/
ते ज्ञान आता वयाने थकले आहे. आजच्या गाडीत बिघाड संगणक सांगतो. यंत्र जोडले की दोषाचा क्रमांक दिसतो. त्यात गैर काही नाही. पण सोलेनॉइडचा 'खट्ट' ऐकून दोष विजेचा की तेलाचा हे ओळखणारा कान क्रमांकाने तयार होत नाही. जिंतूर रोडवर किंवा गंगाखेड रोडवर आयुष्य काढलेला एखादा वायरमन गेला, की त्याच्याबरोबर एक दफ्तरखाना जातो. त्याची ना सूची झालेली असते, ना नक्कल.

२६/
म्हणून तीन साध्या गोष्टी करण्यासारख्या आहेत. एक: जुनी गाडी उघडताना प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी, दोन्ही टोकांची छायाचित्रे घ्यावीत आणि काढलेला जुना संच पिशवीत घालून गाडीबरोबरच ठेवावा. दोन: गाडीची एक वही असावी, तिच्यात तारीख, मोजलेले व्होल्ट, केलेला बदल आणि करणाऱ्याचे नाव मराठीत लिहावे. तीन: इतिहासाच्या विभागांनी मौखिक इतिहासासाठी स्वातंत्र्यसैनिकांकडे जसे ध्वनिमुद्रक नेले, तसे ते जुन्या मिस्त्रींकडेही न्यावेत. आणि नियम करणाऱ्यांनी 'मूळ स्वरूपा'त निदान वायरिंगच्या नोंदीचा समावेश करावा.

२७/
व्हॅनगार्डच्या शेडमध्ये असे काम झाले तर ते बहुधा एका दुपारचे असेल. गिअरबॉक्सची अर्थपट्टी सापडेल, तिच्याखालचा रंग खरवडला जाईल, प्रतिबंधक स्विच पुसून घट्ट होईल, तरफेतून सळई आरपार जाईल. खटका दाबला की पोटाखालून जड आवाज येईल. आणि 'पहिल्यापासून बंदच आहे' या बखरीची जागा एक अस्सल नोंद घेईल: बंद नव्हते; कोणीतरी रंग देताना एक पट्टी जोडायला विसरला होता.

२८/
इतिहासात 'पहिल्यापासून असेच आहे' हे वाक्य बहुधा कोणाच्या तरी विसरण्यावर उभे असते. मराठवाड्याच्या मागासलेपणाविषयीही तेच वाक्य सर्रास बोलले जाते. तेथेही मोजावे, साखळीतील एकेक जोड तपासावा, वाट कोठे तुटली ते शोधावे आणि मगच निकाल द्यावा. तार लहान आहे, पण तिने शिकवलेली शिस्त लहान नाही.

(धागा समाप्त. आपल्या तालुक्यातील जुन्या गॅरेजांच्या, मिस्त्रींच्या आणि त्यांच्या वह्यांच्या आठवणी खाली नोंदवाव्यात. तेही साधनच आहे.)